रुंद टायरचा माज

आमच्या जीपवाल्या मित्रमंडळींत बारीक टायरच्या गाडीला 'सायकल' म्हणतात. "काय रे, यंदाही सायकलच का?" हा प्रश्न मला इतक्या पावसाळ्यांत विचारून झालाय की उत्तर द्यायचं मी सोडूनच दिलं होतं. पण परवा एका मित्राचा फोन आला. त्याने जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली आहे, टायर संपलेत, नवे घालायचेत. दुकानदाराने दोन मापं सांगितली होती: २३५/८५ आर १६ आणि २६५/७५ आर १६. "रुंदवाले घेतो, काय?" म्हणाला. म्हणजे हा प्रश्न नव्हताच, त्याला फक्त माझा होकार हवा होता. मी नाही म्हणालो. मग पाऊण तास फोनवर भांडण. त्यात मी जरा चढ्या आवाजात बोललो आणि जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितोय. लेख त्याच्यासाठी आहे, पण 'टायर रुंद तितकी पकड जास्त' हे डोळे झाकून मानणाऱ्या सगळ्यांनीच वाचावा.

आधी ते आकडे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा डिस्कचा व्यास, इंचांत. गुणाकार केलात तर गंमत दिसेल. पहिल्या टायरची एकूण उंची सुमारे ८०६ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ८०४. म्हणजे उंची तीच. गाडी जमिनीपासून तितकीच उचलली जाणार, दगडावर तितकीच चढणार. फरक फक्त तीन सेंटिमीटर रुंदीचा. मित्र म्हणाला, "तीन सेंटिमीटरसाठी एवढं काय भांडतोस?" भांडतोय कारण मी हा रस्ता आधी पाहिलाय. आज तीन सेंटिमीटर, दोन वर्षांनी डिस्क बाहेर काढून साडेबारा इंची, मग मडगार्डला रबरी पट्ट्या, मग 'स्टीअरिंग थरथरतंय रे, काय असेल?' असे फोन.

आता मुख्य गैरसमज. बहुतेकांना वाटतं, रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकलं. वाटणं साहजिक आहे, पण ते तसं नाही. टायर गाडीचं वजन उचलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि हवा तीसची. तीस पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. ५०० ला २.१ ने भागा, २४० च्या आसपास येतं. म्हणजे टायर दबत दबत जमिनीला साधारण २४० चौरस सेंटिमीटर टेकला की भार तोलला जातो, तिथे तो थांबतो. टायर रुंद असो की अरुंद, हा हिशोब फारसा बदलत नाही. (भिंतीच्या ताठपणाने थोडा फरक पडतो, तो इथे सोडून देतो. इंजिनिअर मंडळींनी माफ करावं.)

बदलतो तो ठशाचा आकार. अरुंद टायरची जमिनीला टेकणारी पट्टी १८ सेंटिमीटर धरली तर ठसा तेरा-साडेतेरा सेंटिमीटर लांब. रुंद टायरची पट्टी २१ धरली तर साडेअकरा. एकाचा ठसा चालीच्या दिशेने लांब, दुसऱ्याचा आडवा. रुंदीचे जास्तीचे पैसे देऊन तुम्ही एवढंच विकत घेतलंत. जास्त रबर हवंय? मग हवा सोडा. पंधरावर आणलीत की ठसा दुप्पट झाला. अरुंद टायरचा तो २६-२७ सेंटिमीटर लांब होतो, रणगाड्याच्या साखळीसारखा. आणि हवा सोडायला पैसे पडत नाहीत. पंपाला पडतात, पण तो बॅटरीवर चालणारा छोटा पंप एकदाच घ्यायचा असतो.

लांब ठसा चांगला का, हे चिखलात कळतं. चाक चिखलात रुतलं की पुढे जाताना त्याला समोरचा चिखल ढकलत न्यावा लागतो. रुंद चाकासमोर रुंद भिंत, अरुंद चाकासमोर अरुंद. फावडं आणि कुदळ यांतला फरक म्हणा. शिवाय लांब ठशात एकामागून एक जास्त गुठळ्या जमीन धरतात, आणि मागची गुठळी पुढचीने दाबून बसवलेल्या मातीवर चालते. मऊ जमिनीवर गाड्या कशा चालतात याचं शास्त्रच ज्याने उभं केलं तो मूळचा पोलिश इंजिनिअर बेकर, त्याचं १९५६ चं पुस्तक या विषयातलं मूळ पुस्तक मानतात. लांब आणि अरुंद ठसा आखूड आणि रुंद ठशापेक्षा बरा, हे त्याने तेव्हाच मांडलं होतं. याच माणसाचा पुढे चंद्रावरच्या गाडीच्या कामात मोठा हात होता. ती गाडी १९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर चालली. तेव्हा 'हे सगळं पुस्तकी आहे' असं कोणी म्हणू नये. :)

पण पुस्तक राहू दे. आपल्या सह्याद्रीतला चिखल कसा असतो ते बघू. वर वीतभर राड, आणि खाली मुरूम, नाहीतर कातळ. कोकणात उतरलात तर जांभा. म्हणजे तळ घट्ट आहे, फक्त तिथपर्यंत पोचायला हवं. अरुंद टायर राड कापून तळाला टेकतो आणि धरतो. रुंद टायर त्या राडीवर तरंगायला बघतो. तरंगतो म्हणजे काय, तर घसरतो. बाजूला उतार असेल तर गाडी शांतपणे, कसलाही आवाज न करता, खालच्या बांधाकडे सरकायला लागते. स्टीअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, काही नाही. ज्याने हे अनुभवलंय त्याला पोटात पडणारा तो खड्डा माहीत असेल.

आम्ही ते पाहिलं वेल्ह्याकडच्या एका पाणंदीत. जुलै महिना, भाताची लावणी चाललेली. तीन गाड्या होतो. पहिली गाडी साडेबारा इंची टायरवाली, कारण 'रस्ता तीच उघडून देईल' असं ठरलेलं. पाणंदीला ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणि दुधाच्या गाडीने पडलेली चाकोरी होती. चाकोरी आपल्या बोलण्यात फार बदनाम झालीय, पण पावसात पाणंदीची चाकोरी म्हणजे तळ सापडलेली जागा. रुंद चाक त्या चाकोरीत मावेना. एक कड आत, एक कड बाहेर, असं चाक काठावर चढलं. मित्राने गॅस दिला. चाकं गरगरली, चिखलाचे गोळे माझ्या काचेवर, आणि गाडी डावीकडे सरकून बांधात. तिथून निघायला पुन्हा गॅस, पुन्हा गरगर. वीस मिनिटांत तीस-चाळीस फूट पाणंदीची वाट लागली आणि बांध फुटून खाचरातलं पाणी रस्त्यावर आलं. दोन दिवसांपूर्वी लावलेली रोपं त्या पाण्याबरोबर.

शेताचे मालक छत्री घेऊन येऊन उभे राहिले. वयस्क गृहस्थ. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सायेब, नांगरट कराया आलाय व्हय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मित्राने पाकीट काढलं तर त्यांनी हाताने नको म्हणून खूण केली. "पैशाचं काय करू, काका येत्याल का लावनीला?" असं म्हणून ते बांधावर माती ओढायला लागले. (काका म्हणजे मी. केस पांढरे असण्याचे तोटे.) आम्ही तिघांनी तासभर माती ओढली. आमच्याने धड बांध घातला गेला नाही, तो शेवटी त्यांनीच घातला.

आणि हे चाललेलं असताना मागून दुधाची पिकअप आली. टू व्हील ड्राइव्ह, ट्रकसारखे अरुंद टायर, मागे कॅन. ड्रायव्हर विशीतला पोरगा. आम्ही मोडलेल्या जागेच्या आधी थांबला, उतरला, काठीने चिखल चाचपला, उरलेल्या चाकोरीत चाकं घातली आणि हळू, एका चालीने, वर निघून गेला. मागच्या चाकांवर दुधाचं वजन होतं हे खरं, आणि रोजची वाट होती हेही खरं. पण त्याच्या टायरवर आमच्यातल्या कोणी फोटो काढून घेतला नसता.

रुंद टायरवाले इथे एक हुकमी पत्ता टाकतात: आइसलँड. तिथल्या हिमनद्यांवर अडतीस इंची, चव्वेचाळीस इंची फुग्यांसारखे टायर लावून गाड्या फिरतात, मग ते काय मूर्ख आहेत का? अजिबात नाहीत. खोल मऊ बर्फाला तळच नसतो. तिथे कापून खाली जाण्यात अर्थ नाही, वर तरंगणं हाच एक मार्ग. म्हणून ते टायर प्रचंड घेतात आणि हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. पण नीट बघा, ते टायर नुसते रुंद नसतात, भरपूर उंचही असतात, आणि खरं काम करते ती सोडलेली हवा. तुम्ही मात्र रुंद टायर घेऊन त्यात बत्तीसची हवा भरून ताम्हिणीत जाता. वाळूचंही तसंच. आखातात राहणारे आपले मराठी मित्र सुट्टीत वाळूत गाड्या घालतात, ते आधी हवा पंधरावर आणतात, मग बाकीच्या गप्पा. वाळूत रुंदीचा फायदा होतो हे मान्य. अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी घालणार असाल तर मात्र टायर कुठलाही असो, घालू नका, भरती गाडी बघून थांबत नाही. आणि भातखाचरासारखा तळ नसलेला चिखल म्हणाल, तर तिथे ट्रॅक्टरसुद्धा लोखंडी केज व्हील लावून उतरतो. तिथे जीपचं काय काम?

कातळावर, कोरड्या दगडांवर रुंद टायर आडवा तोल बरा धरतो. सुक्या डांबरावर वळणातही बरा. हे सगळं मान्य करून मी विचारतो, तुम्ही गाडी कधी बाहेर काढता? जून ते सप्टेंबर. कुठे नेता? मुळशी, भोर, वेल्हे, महाड. मग टायर कुठल्या जमिनीसाठी घ्यायचा?

बरं, चिखलात अडकलात तर नाडा बांधून कोणीतरी ओढेल. मला जास्त भीती वाटते ती घाटातल्या ओल्या डांबराची, कारण ऐंशी टक्के वेळ गाडी तिथेच असते. पुन्हा थोडा हिशोब. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय. १८ सेंटिमीटरच्या पट्टीला सेकंदाला नऊ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. २१ च्या पट्टीला साडेदहा. साडेबारा इंची टायरची पट्टी २६ धरली तर तेरा लिटर. एका चाकाला, एका सेकंदात! जे पाणी सारलं गेलं नाही ते टायरखाली जातं आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. नक्षी किती खोल, हवा किती, यावरही बरंच अवलंबून असतं, पण तेरा लिटरला नऊ लिटरपेक्षा जास्त वाट लागते हे सांगायला इंजिनिअर नको. त्यात हे टायर बहुतेक वेळा मोठमोठ्या गुठळ्यांचे चिखली टायर असतात. डांबराला टेकणारं रबर आधीच कमी, आणि ओल्या रस्त्यावर कामाला येणाऱ्या बारीक चिरा त्यांच्यावर फारशा नसतात.

वर ज्या मित्राची गोष्ट सांगितली, तोच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घाट उतरताना पाण्याच्या एका पाटावरून सरळ गेला. म्हणजे रस्ता उजवीकडे वळला आणि गाडी वळली नाही. कठडा होता म्हणून थांबली. त्याची मुलगी मागच्या सीटवर होती. कोणाला काही झालं नाही. गाडीचा पुढचा भाग बदलला, टायर तेच राहिले! मी विचारलं तर म्हणाला, "रस्ता खराब होता रे." त्या दिवसापासून मला हा विषय हौशीचा वाटत नाही.

गाडीच्या हाडांचं काय होतं ते थोडक्यात. रुंद टायर आतल्या बाजूला घासतो, म्हणून डिस्क बाहेर काढतात. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर, बॉल जॉइंटवर, स्टीअरिंगच्या दांड्यांवर ताण जास्त. दगडाला चाक लागलं की हिसका थेट हातात. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक चिखल उडवतं तो मागच्या गाडीवर आणि रस्त्याकडेने चाललेल्या माणसांवर. डिझेल जास्त लागतं. आणि कायदा म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिलाय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीला असल्या गोष्टी बरोबर दिसतात.

मग हे खूळ आलं कुठून? मूळ जीप आठवा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज, जिची जोडणी पुढे महिंद्राने मुंबईत सुरू केली, तिला टायर होते ६.०० - १६. सहा इंच! त्याच टायरवर ती वाळवंटापासून जंगलापर्यंत फिरली. सैन्याची जिप्सी आपल्या डोंगरांत वर्षानुवर्षं चालली, तीही बारीक टायरवरच. भारतात २०२३ मध्ये आलेल्या जिमनीला कंपनी १९५ चा टायर देते, आणि तिला बघून 'छे, खेळणं' म्हणणारेच पहिल्याच महिन्यात टायरच्या दुकानात रांगेत दिसले. कॅमल ट्रॉफी नावाची जंगलातली जी जगप्रसिद्ध मोहीम १९८० पासून दोन दशकं चालली, तिच्या लँड रोव्हरचे फोटो काढून बघा. बोर्निओच्या लाल चिखलात माखलेल्या गाड्या आणि खाली उंच, अरुंद टायर. आपली बैलगाडीसुद्धा तीच. छातीएवढं उंच चाक आणि चार बोटं रुंद लोखंडी धाव. ती धाव चांगला रस्ता कापायची, म्हणून पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, हे मी विसरलो नाही. पण चिखलातून बाहेर काढायचं काम तिची उंची करायची, रुंदी नव्हे.

उंची हवीच असेल तर उंची घ्या ना! गाडीत मावेल, कंपनीने मान्य केलेली असेल तेवढी. उंचीने गाडीचं पोट वर उचललं जातं, खड्डा सोपा होतो, ठसाही लांबतो. रुंदीने या तिन्हींपैकी काही होत नाही. रुंदीने होतं ते एकच, गाडी मागून पाहिली की पैलवानासारखी दिसते. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तेच हवं असतं. त्याला माझी हरकत नाही. मलाही तरुणपणी रुंद पट्ट्याची घड्याळं आवडायची. पण मग तसं म्हणा. 'दिसायला भारी' म्हणा. 'पकड' म्हणू नका, 'सेफ्टी' तर मुळीच म्हणू नका. आणि पैलवानकी दाखवायला दुसऱ्याच्या पाणंदीत जाऊ नका. त्या पाणंदीतून शाळेची पोरं जातात, बाळंतिणीला न्यायचं असतं, दूध जातं. आपण रविवारी तिची राड करून सोमवारी ऑफिसात फोटो दाखवतो.

बारीक टायरवाल्यांनीही फार फुशारू नये. हवा पंधरावर आणून जोरात वळलात तर टायर डिस्क सोडतो, मग भर पावसात जॅक लावत बसा. चिखलासाठी अठरा-वीस पुरते, आणि डांबर लागलं की थांबून पुन्हा भरायची, आळस करायचा नाही. कमी हवेवर घाट उतरणं हा वेगळा मूर्खपणा आहे, तो मी एकदा केलाय, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर मित्रा, २३५/८५. हवा मोजायचं मीटर आणि पंप घे, उरलेल्या पैशांत एक चांगला नाडा आणि फावडं. काल रात्री तुझा मेसेज आला की दुकानदार म्हणतो २३५ मागवावा लागेल, दहा-बारा दिवस जातील, २६५ समोर पडलाय आणि वर डिस्काउंट देतो. दहा-बारा दिवस थांब. पाऊस जूनमध्ये येतोय, आज मेची चार तारीख आहे.